आठ घरांची ओळ

"मुंगे, चौथी वाट मोकळी सोड. तिथे एक सूरसुद्धा पेरू नकोस. ती माझ्या इंजिनाची आहे."

भोंग्याने हे सांगितलं त्याला तेहतीस वर्षं झाली. तेव्हा त्याच्या तोंडात पेन्सिल होती आणि मुंगीने मान डोलावली होती. आज ती रेकॉर्डिंगच्या गार खोलीत मऊ खुर्चीवर बसली होती, कानांवर हेडफोन चढवून. त्याच चौथ्या वाटेवर कुणीतरी गिटारचा जाडजूड खर्ज बदाबदा ओतला होता. ऐकता ऐकता तिच्या तळपायाची आग मस्तकात चढत होती.

मुंगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गाड्यांच्या शर्यतीचा तो पडद्यावरचा खेळ बनला तेव्हा सगळी कंपनी मिळून एक खोली, सहा माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा एवढीच होती. यंत्रात गाण्याला इतकी चिमूटभर जागा मिळायची, की एक सूर जास्त झाला तर रस्त्याकडेचं एक झाड काढावं लागे. त्या जागेत ती कण कण करून गाणं नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. आणि भोंगा इंजिनाचा आवाज करायचा, आधी तोंडाने आणि मग आकड्यांनी. डबा खातानासुद्धा गिअर बदलायचा. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने डाळ अंगावर उडेल म्हणून जागा बदलून घेतली होती.

यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता येत. त्यांना ते वाटा म्हणत. तीन वाटा गाण्याला, चौथी इंजिनाला. इतरांच्या खेळांत गाणं एका अंगाने वाजत राही आणि इंजिन दुसऱ्या अंगाने घुरघुरे, भांडण झालेल्या जावांसारखं. भोंग्याला ते बघवेना. त्याने आकडे असे बसवले की गाडी पूर्ण वेगात असली, म्हणजे इंजिनच गाण्याच्या तालावर वर-खाली होई आणि गाण्याचा खर्ज गाई. पायाखालचा दट्ट्या दाबलेला आहे तोवर गाणं भरलेलं. पाय उचलला की खर्ज घसरला, गाणं लंगडलं. आणि तिसरं वळण, जिथे भलेभले ब्रेक मारतात, तिथे मुंगीने आपल्या तिन्ही वाटा सोळा ठोके गप्प केल्या होत्या. तिथे एकटं इंजिन गायचं. पण न घाबरता गेलात तरच.

भोंगा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मुंगीचा एक नेम होता. घरी त्याच खेळाचं जुनं, पायात दट्ट्या असलेलं छोटं यंत्र होतं. सकाळी आंघोळ झाली की त्यावर एक फेरी, पाय न उचलता, आणि मग चहा. फेरी चुकली तर त्या दिवशी चहा नाही. पुन्हा खेळून भरपाई करायची सवलत तिने स्वतःला दिली नव्हती. आज सकाळी, या मंडळींकडे यायच्या घाईत, तिसऱ्या वळणावर तिचा पाय उचलला गेला होता. म्हणजे चहा नाही, आणि रागाच्या जोडीला डोकंही ठणकत होतं.

"कसं वाटलं, मॅडम?" हेडफोन उतरले तसं साहेबांनी विचारलं. नव्या कंपनीने हा जुना खेळ नव्याने काढायचं ठरवलं होतं आणि हे साहेब त्या कामाचे प्रमुख. वय पस्तीस, दाढी कोरलेली, बोलणं तुपात घोळलेलं. "अंगावर काटा आला की नाही?"

"आला," मुंगी म्हणाली.

"वाटलंच मला!"

"तिसऱ्या वळणावर काय घातलंत?"

"तिसऱ्या... अच्छा, ते होय! तिथे भोक होतं ना. आम्ही बुजवलं. ड्रमचा दणदणीत तुकडा टाकलाय. जुन्या चिपमधून गाणं काढलं तर तिथे नुसती शांतता निघाली. खराब झालं असणार, इतकी वर्षं. आणि सबंध गाण्याला खर्जच नव्हता, मॅडम. तोही भरला. त्या काळी तुमच्याकडे साधनं कमी होती, आम्ही समजू शकतो."

"रस्त्यावरचे खड्डे वर्षानुवर्षं कुणी बुजवत नाही," मुंगी म्हणाली, "आणि माझ्या गाण्यातला तेवढा तुम्हाला दिसला."

साहेब हसले. विनोद आहे असं त्यांना वाटलं.

मुंगीचा आवाज मुळातच बारीक. आयुष्यात ती कुणावर ओरडली असेल तर एकदा रिक्षावाल्यावर, आणि नंतर त्याची माफी मागितली होती. त्यामुळे तिचा राग लोकांना ओळखूच येत नसे. तो आवाजात चढत नसे, उलट आवाज आणखी खाली जाई.

"ते भोक नाही. तिथे इंजिन गातं. खर्जही इंजिनच गातं. गाडी चालवल्याशिवाय ते गाणं पुरं होत नाही. तुम्ही खेळलायत ना हा खेळ?"

"मी? अहो, सगळे व्हिडिओ पाहिलेत. कितीतरी तास."

"काठावर बसून पोहायला शिकलात म्हणा."

"मॅडम, पण लोकांना ते गाणं तसंच माहीत आहे. बिनइंजिनाचं. वीस वर्षं लोक ते नुसतं ऐकतायत. आणि इंजिनाचं म्हणाल, तर आम्ही खऱ्या गाडीचा आवाज आणलाय. मैदानावर जाऊन, सहा मायक्रोफोन लावून."

"खरी गाडी गाते का?"

साहेबांनी कागद पुढे केला. कागद साधाच होता. वर लिहिलं होतं, 'मूळ संगीतकाराने ऐकून पसंत केले.' खाली सहीची जागा. सही झाली की शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर दोन गोड वाक्यं बोलायची. तशी जाहिरात कंपनीने आधीच करून टाकली होती. लग्न ठरवून झालं होतं, नवरीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मुंगीने कागद चष्म्याजवळ धरला. मध्ये एक ओळ होती, 'मूळ ध्वनी', आणि पुढे तिचं नाव. एकटं.

"आणि भोंगा?"

"कोण?"

आतापर्यंतचा सगळा राग एका पारड्यात आणि हा एक 'कोण' दुसऱ्या पारड्यात.  मग तिने त्याचं पाळण्यातलं नाव सांगितलं, पुरं, नऊच्या नऊ अक्षरं.

साहेबांनी फोनवर जुन्या खेळाचा शेवटचा पडदा काढून दाखवला. "हे बघा. ध्वनीच्या ओळीत एकच नाव आहे. तुमचं. आम्ही पडद्याबाहेर कसं जाणार?"

तो पडदा तिला दाखवायची गरज नव्हती. तो तिच्या डोळ्यांत तेहतीस वर्षं कुसळासारखा होता.

खेळाच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं येत. प्रत्येक ओळीला आठ घरं, एका घरात एक अक्षर, एक ओळ एका कामाला. त्याहून जास्त जागा नव्हती. मालक खुर्ची फिरवून म्हणाले होते, "ध्वनीला एकच नाव बसतंय. भोंग्या, तुझं तर नऊ अक्षरी. एखादं अक्षर छाटू का?"

"माझ्या बापाने ठेवलेलं नाव आहे," भोंगा म्हणाला, "वाढलेली नखं नाहीत. मुंगीचं टाका."

आणि मुंगीने टाकू दिलं. तिने 'नको' म्हटलं नाही, 'दोघांचं नाही तर कुणाचंच नाही' म्हटलं नाही. मूग गिळून बसली. जिन्यात मात्र त्याला गाठून म्हणाली, "खेळ पुन्हा कधी निघाला तर तुझं नाव आधी. शप्पथ."

"नावाचं राहू दे गं. इंजिनाला गाण्यापासून तोडू देऊ नकोस, एवढं बघ. कबूल?"

"कबूल."

त्यानंतर त्याने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत तोंडाने तिसरं वळण घेतलं होतं, तळमजल्यापर्यंत.

"चला," मुंगी उठली.

"कॅमेरा या बाजूला, मॅडम."

"कॅमेरा कुठे पळून जात नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला."

खाली स्वागतकक्षात त्याच खेळाचं एक जुनं मोठं यंत्र शोभेला ठेवलेलं होतं. खुर्ची, चाक, पायात दोन दट्टे, सगळं होतं. पडद्यावर गाड्या मुक्याने धावत होत्या. टेबलामागच्या बाईंचं डोकं दुखतं म्हणून आवाज पहिल्या दिवसापासून बंद होता. मुंगीने येताना ते पाहिलं होतं आणि तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. ज्या कंपनीने गाण्यासाठी तो खेळ विकत घेतला, तिने तो दारातच तोंड दाबून बसवला होता.

ती यंत्राच्या मागे वाकली. गुडघे कुरकुरले. हात आत घालून तिने बोटांनी चाचपत बटण शोधलं, धुळीतून फिरवलं, आणि खोलीत इंजिन गुरगुरलं.

"अगंबाई!" टेबलामागच्या बाई दचकल्या.

"पाच मिनिटं सोसा," मुंगी त्यांना म्हणाली. "बसा, साहेब."

"मॅडम, मला साडेअकराला..."

"बसा."

आवाज आणखी खाली गेला होता. साहेब बसले. गाडी सुटली, गाणं सुरू झालं. दोनदा ते कुंपणाला घासले, मग सरळ रस्ता लागला, पाय दाबला गेला आणि खालून खर्ज उगवला. साहेबांनी मान किंचित वळवली. "हे..."

"पुढे बघा."

तिसरं वळण आलं. साहेबांनी ब्रेक मारला. गाण्याच्या तिन्ही वाटा ठरल्याप्रमाणे गप्प झाल्या आणि त्या शांततेत इंजिन केविलवाणं घरघरलं, थंडीत सुरू न होणाऱ्या गाडीसारखं.

"बघा, हेच," साहेब म्हणाले. "हे लोकांना चूक वाटेल."

"ती चूकच आहे. पण गाण्याची नाही, पायाची. उठा."

मुंगी खुर्चीत बसली. पाय जेमतेम पोचले. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली, पाय दाबला आणि पुन्हा उचलला नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खर्ज गाण्याखाली पसरला, जमिनीसारखा. तिसऱ्या वळणाची पाटी आली तेव्हा टेबलामागच्या बाई उभ्या राहिल्या, कारण गाडी आता आपटणार हे त्यांनाही दिसत होतं. तिन्ही वाटा थांबल्या. मग एकटं इंजिन वर चढलं, क्षणभर अडलं, खाली उतरलं आणि पुन्हा त्याहून वर चढलं. सोळा ठोके. जिन्यावरून कठड्याला हात लावत कुणी उतरत असावं तसं. वळण संपलं आणि सगळं गाणं एकदम त्याच्यावर येऊन बसलं.

टेबलामागच्या बाई अजून उभ्याच होत्या. डोकं दुखतंय असं त्यांनी म्हटलं नाही.

"हे भोंग्याचं," मुंगी म्हणाली. "आता विचारा कोण."

साहेब खाली बघत होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मुंगीला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. "मॅडम, मी मान्य करतो," ते हळूच म्हणाले. "पण आमच्याकडे नुसतं गाणं निघालं, इंजिनाचे आकडे निघाले नाहीत. इंजिनाची चिप वेगळी, ती वाचताच येत नाही. या यंत्राचा आवाज रेकॉर्ड करून भागणार नाही, कारण तो खेळणाऱ्याच्या पायाबरोबर बदलायला हवा. कुठल्या वेगाला कुठला सूर, ते आकडेच लागतील. उद्या बाराला खेळ पक्का होणार, मग बदल नाहीत. त्याआधी आकडे आणलेत तर घालतो. शब्द देतो. नाही आणलेत तर मात्र सही करा. माझीही नोकरी आहे."

"आकडे मिळाले तर सही. नाही मिळाले तर नाही. आणि कॅमेऱ्याला सांगा, बाईंचा घसा बसलाय."

तिने कागद पर्समध्ये टाकला आणि फोन करायला अर्धा जिना चढून आडोशाला गेली.

आकडे एकाच ठिकाणी होते. भोंग्याच्या वहीत. आणि वही भोंग्याच्या घरी, वहिनींपाशी. इतका वेळ साहेबांवर तोफ डागणाऱ्या मुंगीने फोन दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. दुसऱ्याला चार शब्द सुनावणं सोपं. भोंगा गेला त्या दिवशी ती त्या घराच्या दारापर्यंत गेली होती आणि तशीच माघारी फिरली होती. त्यानंतर तीन वर्षं शर्यतीच्या फेऱ्या मारल्या, पण त्या गल्लीत एक फेरी झाली नाही.

अखेर जिन्यात, भिंतीला टेकून तिने फोन लावला.

"वहिनी, मी..."

"कळलं. बोला."

पूर्वी त्या 'बोल गं' म्हणायच्या.

"भोंग्याची इंजिनाच्या आकड्यांची वही होती. निळ्या पुठ्ठ्याची."

"तीन वर्षांनी वही आठवली." वहिनींचा आवाज सुरीसारखा होता. "त्या दिवशी आला होतात. मी खिडकीतून पाहिलं. चपला काढल्यात, पुन्हा घातल्यात आणि गेलात."

"तुम्हाला तोंड दाखवायची..."

"तोंडाचं मला सांगू नका. तोंड त्यांचं होतं. जावई आले की तोंडाने गाडी चालवून दाखवायचे. जावई हसायचे आणि विचारायचे, बाबा, तुम्ही नक्की काम काय करायचात? काय दाखवणार? तो खेळ दाखवला, तर शेवटी तुमचं नाव यायचं. हे म्हणायचे, ती फार गुणी आहे हो. मी आत पोळ्या लाटायची आणि माझं डोकं फिरायचं."

"वहिनी, नऊ अक्षरं होती. घरं आठच होती."

 वहिनी हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

"मोठ्या हुशार तुम्ही सगळे! चिमटीएवढ्या जागेत डोंगर बसवलात, समुद्र बसवलात, चार शहरं बसवलीत. दोन माणसं बसवता आली नाहीत? त्यांना त्या नऊ अक्षरांनी सबंध जगात कोण हाक मारत होतं? मीसुद्धा नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी शेंगा सोलत होते. तिथल्या तिथे शेंगांवर मोजलं. मोजा तुम्हीही. भों, गा. एक घर मोकळं. आ, णि. एक घर मोकळं. मुं, गी."

मुंगीने बोटांवर मोजलं. डाव्या हाताची पाच संपली, उजव्याची तीन लागली. तिने पुन्हा मोजलं. आठच.

आठ. रेघ इकडची तिकडे नाही. एक सूर वाचवायला आठ आठ दिवस घालवणारी ती, तिला तेहतीस वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं की सुचवून घेतलं नव्हतं? ओळीत आपलं नाव एकटं असणं तिला थोडं आवडलं होतं का? साहेबांवरचा, गिटारवरचा, त्या 'कोण'वरचा सगळा राग गर्रकन वळला आणि जिथे जायला हवा होता तिथे, तिच्या स्वतःच्याच दारात, येऊन उभा राहिला. तिने कपाळ भिंतीवर टेकलं. भिंत गार होती.

"तेव्हाच का नाही बोललात, वहिनी?"

"मला विचारलं कुणी?"

मुंगीने कपाळ भिंतीवरून उचललं.

"खेळ पुन्हा निघतोय," मुंगी अखेर म्हणाली. "इंजिन काढून टाकलंय त्यांनी. उद्या बारापर्यंत आकडे दिले तर परत घालतील. मी त्याला कबूल केलं होतं, इंजिन तुटू देणार नाही म्हणून. आणि ओळ मी बदलून घेईन. तुम्ही म्हणालात तशी. भोंगा आधी."

"घेतील बदलून?"

"त्यांचं काम माझ्या सहीवर अडलंय. आणि सही माझ्याकडे आहे."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. वहिनी काहीतरी उगाच हलवत होत्या.

"वही शिवणयंत्राच्या खणात आहे," त्या म्हणाल्या. "पण अक्षर त्यांचं. सातासारखा एक आणि एकासारखा सात. फोनवर वाचून दाखवायला मला जमणार नाही. या." मग रागातच, "ये. चहा टाकते. आणि या खेपेला चपला काढल्यास तर आत ये."

फोन बंद झाला. मुंगीने पर्स जिन्याच्या पायरीवर ठेवली, कागद काढला आणि गुडघ्यावर धरला. 'मूळ ध्वनी'पुढचं आपलं नाव तिने खोडलं. हलकेच नाही, कागद फाटेल इतकं दाबून. शेजारी आठ घरं आखली आणि एकेका घरात एकेक अक्षर बसवलं. दोन घरं मोकळी सोडली. सहीची जागा तशीच कोरी ठेवली.

मग तिने पदर सारखा केला, पेनाला टोपण लावलं आणि खाली उतरली. स्वागतकक्षातून जाताना यंत्राचा आवाज अजून चालूच होता. टेबलामागच्या बाई खुर्चीत बसून, जीभ दातांत धरून, तिसऱ्या वळणाला भिडत होत्या.

"ब्रेक मारू नका हो," मुंगी जाता जाता त्यांना म्हणाली.

बसथांब्यावर सावली नव्हती. वहिनींच्या गल्लीकडे जाणारी बस कुठली, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. डोकं अजून ठणकत होतं. पण आजची फेरी झाली होती, घरच्या यंत्रावर नसली तरी पाय न उचलता, सबंध. दुसऱ्यांदा खेळायची सवलत नाही असा नेम होता खरा. पण तो तिने स्वतःपुरता केला होता, आणि ही फेरी तिने स्वतःसाठी मारली नव्हती. चहा चालणार होता.

बस आली. मुंगी चढली, मागची खिडकी धरून बसली आणि पर्स दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरली.